खंडेनवमीचा टेपरेकॉर्डर

“घड्याळाचा गजर होताच आमचे ग्रंथालय सांभाळणारे मास्टरजी सर्वांच्या आधी गुलाबाच्या वाफ्यात पालथे पडले. ते उठेपर्यंत मी आत जाऊन टेपरेकॉर्डर बाहेर आणला होता.”

आमच्या प्राथमिक शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तेव्हाच्या मुख्याध्यापिकाबाईंनी हे छापले आहे. मूळ मजकूर हिंदीत असून भाषांतर माझे आहे, आणि त्यात मी बाईंवर काडीचाही अन्याय केलेला नाही. अन्याय त्यांनी केला आहे. माझी मुलगीसुद्धा आता पाहुण्यांसमोर “बाबांची गुलाबवाली स्टोरी सुनाऊं?” असे विचारते आणि उत्तराची वाट न पाहता सुरू होते. तेव्हा एकदा काय घडले ते लिहून ठेवणे भाग आहे.

पत्नीला चंदीगडच्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली आणि तिच्यामागोमाग मी सांगलीहून तिथे गेलो. मला प्राथमिक शाळेत ग्रंथालय मिळाले. ग्रंथालय म्हणजे सात कपाटे, एक लांब टेबल आणि खात्याने पाठवलेला एक प्रोजेक्टर, ज्याचा बल्ब खात्याने कधीच पाठवला नाही. ज्या मुलांना अजून नीट वाचता येत नाही त्यांनी ग्रंथालयाच्या तासाला नुसते चित्रांकडे पाहत बसावे, हे मला पटेना. म्हणून मी खिडकीजवळ ‘ऐकण्याचा कोपरा’ मांडला. त्यात एक टेपरेकॉर्डर होता, आणि त्याला वायरींनी जोडलेली चार इयरफोनांची लाकडी पेटी, जी मी स्वतः तयार केली होती. प्रत्येकाची पाळी पाच मिनिटांची असावी म्हणून शेजारी चावीचे गजराचे घड्याळ असे. मुले घरच्या बोलीत गोष्टी सांगत आणि मी त्या ध्वनिमुद्रित करी. पंजाबी, गढवाली, तमिळ अशा कॅसेटी तयार झाल्या. मराठीची मात्र एकच होती, आणि ती माझ्या मुलीची.

माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. घरी आम्ही मराठीत विचारायचे आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचे, असा आमचा संसार. त्या कॅसेटीत मात्र तिने एस.टी.त बसून मिरजेला निघालेल्या मांजराची स्वतः रचलेली गोष्ट अथपासून इतिपर्यंत मराठीत सांगितली होती. “मांजर म्हणालं, यार, मला पण खिडकीची जागा पाहिजे,” असे एक वाक्य त्यात होते. तेवढा ‘यार’ सोडला तर तक्रारीला जागा नव्हती. ती कॅसेट मी रोज ऐकत असे, आणि हे मी कुणाला सांगितले नव्हते.

आता त्या दिवसाविषयी. खंडेनवमीला आपण हत्यारांची आणि अवजारांची पूजा करतो, आणि पूजेला बसलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावत नाही. ग्रंथपालाची हत्यारे ती कोणती? शाळा भरण्यापूर्वी मी टेपरेकॉर्डर, पेटी, घड्याळ, तारखेचा शिक्का आणि कात्री टेबलावर मांडली, हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले ठेवली. मांजराची गोष्ट अर्ध्यापर्यंत ऐकली आणि कॅसेट यंत्रातच राहू दिली. मुलांचे हात लागू नयेत म्हणून सगळ्यावर लाल कापड टाकून ते खाली बांधले आणि खोलीला कुलूप लावले.

ते दिवस कसे होते हे तरुण वाचकांना सांगितले पाहिजे. पंजाबात तेव्हा दहशतवाद होता आणि चंदीगडलाही बॉम्बची धास्ती असे. बसमध्ये ‘आपली सीट खालून पाहून घ्या’ अशी पाटी असे. बेवारस ट्रान्झिस्टर, डबा किंवा खेळणे दिसले तर हात लावू नका, असे आम्ही रोज प्रार्थनेनंतर मुलांकडून म्हणून घेत असू. वऱ्हांड्यात विसरलेला एक डबा आमच्या शिपायाने झाडूच्या लांब दांड्याने उघडला होता. आत आलूचे पराठे होते, आणि ते खाण्याचे धाडस कुणी केले नाही.

अशा काळात आमच्या चौकीदाराने, जो सैन्यातून निवृत्त झालेला होता, ग्रंथालयाच्या खिडकीतून आत पाहिले. त्याला लाल कापडाचे गाठोडे दिसले. गाठोड्यातून चार वायरी लोंबत होत्या. आणि गाठोडे टिकटिकत होते.

अर्ध्या तासात मुले मागच्या मैदानावर, पोलीस पुढच्या आवारात आणि अग्निशमनाचा बंब फाटकात अशी व्यवस्था झाली. बॉम्बनाशक पथक दुसरीकडे गुंतले होते. मी फौजदाराकडे गेलो.

“इन्स्पेक्टर साहब, वो मेरा टेपरेकॉर्डर है। मैंने पूजा में रखा है।”

“किसकी पूजा में?”

“किसीकी नहीं। टेपरेकॉर्डर की।”

त्याने बाईंकडे पाहिले. बाईंनी आकाशाकडे पाहिले.

“औज़ारों की पूजा आज के दिन होती है,” मी समजावू लागलो.

“ओ जी, मैं लोहारों का पुत्तर हूँ,” फौजदार म्हणाला. “औज़ारों की पूजा विश्वकर्मा के दिन होती है, दिवाली से अगले दिन। अभी तो रावण भी नहीं जला। किसको बना रहे हो?”

“महाराष्ट्र में...”

“मास्टरजी, ये महाराष्ट्र है?”

यावर माझ्याकडे उत्तर होते, परंतु त्याने मला खांद्याला धरून गुलाबाच्या वाफ्यामागे बसवले. माझ्या सदऱ्याला जी माती लागली ती त्या वेळी, फौजदाराच्या हाताने. बाईंच्या साऱ्या कथानकाचा पाया एवढाच.

बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. “आप लोग टेपरेकॉर्डर को टीका भी लगाते हो?” त्यांनी कुजबुजत विचारले.

“हळद पण,” मी म्हणालो. रागात मराठी येते.

मग फौजदाराने हुकूम दिला की पथकाची वाट न पाहता खिडकीतून पाण्याचा फवारा सोडावा. पाण्याने बॉम्ब निकामी होतो की नाही मला ठाऊक नाही, पण टेपरेकॉर्डर नक्की होतो. सात कपाटे पुस्तकेही निकामी होतात. आणि मांजर मिरजेला कधीच पोचत नाही. जवान नळी उलगडत होते. मी ओरडून पाहिले, कोणी ऐकेना.

इतक्यात गजर झाला. पहिल्या ग्रंथालय तासाचा तो रोजचा गजर. मला तो अपेक्षित होता आणि इतर कुणालाही नव्हता. फौजदार, जवान, चौकीदार, बाई असे सारे आवार एका क्षणात पालथे झाले. त्यांची तोंडे गवतात असताना मी उठलो आणि खिशातल्या किल्लीने कुलूप काढून आत गेलो. मला जाताना कुणी पाहिले नाही याचे कारण भित्रेपणा खरा, पण माझा नव्हे.

आत जाऊन कापड ओढले आणि आधी यंत्र उचलून छातीशी धरले. घड्याळ कोकलतच होते. ते नंतर थांबवले. यंत्र घेऊन दारात आलो, तर बाई वऱ्हांडा चढून आल्या होत्या. एवढे धैर्य त्यांनी दाखवले हे मी नाकारत नाही. “इधर दो,” म्हणाल्या. फौजदाराला घड्याळही दाखवावे लागणार म्हणून मी यंत्र त्यांच्या हाती देऊन ते आणायला वळलो. त्याच क्षणी लोकांनी माना वर केल्या. त्यांना टेपरेकॉर्डर हाती धरलेल्या बाई दिसल्या आणि टाळ्या पडल्या. मी घड्याळ घेऊन बाहेर आलो तेव्हा कुणीतरी मला म्हणाले, “मास्टरजी, अब डरने की बात नहीं।”

मी तेव्हा वाद घातला नाही, कारण संध्याकाळी मला वेगळेच दुःख कळले. यंत्र छातीशी आवळताना माझ्या बोटांखाली दोन बटणे एकदम दाबली गेली होती, म्हणजे ध्वनिमुद्रण सुरू झाले होते. सेल आतच होते. कॅसेटीच्या कडेची ती छोटी पट्टी मी मोडून ठेवली असती तर मुद्रण झालेच नसते. पण फितीवर जागा उरली होती, तिथे आणखी एखाद्या मुलाची गोष्ट मावेल असा माझा हिशेब होता. “मग कंडक्टर म्हणाला” इथपर्यंत मुलीचा आवाज येतो. कंडक्टर काय म्हणाला ते पुसले गेले. मी तिला अनेकदा विचारले. तिला आठवत नाही. तिने पुन्हा कधी मराठीत गोष्ट सांगितली नाही.

ती कॅसेट माझ्या कपाटात आहे आणि अजून वाजते. मुलीने आणि बाईंनी माझ्या घरी यावे आणि ती ऐकावी. “मग कंडक्टर म्हणाला,” यानंतर गजर आहे, अगदी जवळचा, कान किटवणारा, मग तो एकदम थांबतो, आणि तो थांबल्यानंतर, दूर अंगणातून, बाईंचा आवाज येतो: “हाय रब्बा, मास्टरजी कित्थे गए?”