मी आयरिश संघाची गोलकीपर

गोलकीपरची जर्सी मला प्लास्टिकच्या पिशवीत मिळाली. पिशवीची गाठ सोडली आणि मी तोंड फिरवलं. आधीची गोलकीपर आयर्लंडला परत गेली होती आणि जाताना जर्सी धुवायची राहिली होती. उन्हाळाभर ती कुणाच्या तरी गाडीच्या डिकीत पडून होती. मस्कतच्या उन्हाळ्यात डिकीतल्या घामट कपड्याचं काय होतं ते सांगून कळणार नाही. मी ती व्हिनेगरमध्ये भिजवली, उन्हात टाकली, पुन्हा धुतली. माझा नवरा मस्कतच्याच वादी कबीर भागात एका गॅरेजमध्ये मेकॅनिक आहे. तो म्हणाला, "आमच्याकडचं ग्रीसचं फडकं आणून देतो. त्याला तरी बरा वास येतो."

मी वसईची. कॉलेजात हँडबॉल खेळायचे, गोलात उभी राहायचे. लग्नानंतर ओमानला आले आणि वादी कबीरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. एकदा शाळाशाळांच्या शिक्षकांचे हँडबॉलचे सामने होते. तिथे एक आयरिश बाई भेटली, दुसऱ्या एका शाळेत गणित शिकवणारी. तिने मारलेले सगळे चेंडू मी अडवले. सामना संपल्यावर ती घाम पुसत आली आणि माझे दोन्ही हात उलटसुलट करून बघायला लागली. म्हणाली, "गेलिक फुटबॉल ऐकलंयस कधी? आमचा आयरिश खेळ. इथल्या आमच्या संघात गोलात उभं राहायला कुणी नाही."

पुढे ती आमची कॅप्टन म्हणूनच माझ्या ओळखीची झाली. खेळ कळायला वेळ लागला नाही. चेंडू हाताने पकडायचा, पायाने मारायचा, मुठीने ठोसायचाही. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे वर गेलेले. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून जाळ्यात गेला तर तीन. त्या तीन गुणांच्या आड मी. संघात बहुतेक आयरिश शिक्षिका आणि नर्सेस, दोन दक्षिण आफ्रिकन आणि मी एकटी भारतीय.

मैदान भाड्याचं होतं. गवत हिरवंगार, कारण त्याला सांडपाण्याचं शुद्ध केलेलं पाणी द्यायचे. शुद्ध म्हणजे किती शुद्ध, ते गोलकीपरला विचारावं. बाकीच्या धावत असतात. गोलकीपर एका जागी उभी असते आणि तिथल्या मातीत नेमका खड्डा पडतो. त्या खड्ड्यात ते पाणी साचायचं. मी त्यात कोपर टेकून पडायचे, गाल टेकून पडायचे. घरी गेले की माझी लेक दारातच ओरडायची, "मम्मी, तू आधी बाथरूममध्ये जा, मला टच नको करू!" तिचं मराठी तसं अडखळत चालतं, पण हे वाक्य एका दमात यायचं.

हातमोज्यांवर थुंकायचं असतं हेही मला तिथेच कळलं. चेंडू निसटू नये म्हणून. शाळेत पोरांना 'थुंकू नका' म्हणून मी दिवसभर दटावायचे, आणि संध्याकाळी माझ्याच तळव्यांवर थुंकायचे. पहिल्या हंगामात मला ते जमलंच नाही. मी बाटलीतलं पाणी लावायचे. दुसऱ्या हंगामात थुंकायला लागले. शिसारी गेली नाही, नुसती सवय झाली.

तरीही मी जात राहिले. उंचावरून येणारा चेंडू चार जणींच्या गर्दीत उडी मारून छातीशी घेतला की जे वाटतं, ते मला आयुष्यात दुसरीकडे कुठे वाटलेलं नाही. त्यासाठी मी बरंच काही गिळलं. आमच्या चर्चच्या ओळखीतल्या एका बाईने तर तोंडावर विचारलं होतं, "या वयात चड्डी घालून कोणासाठी नाचतेस गं?" तेही गिळलं.

गिळता आलं नाही ते दुबईच्या स्पर्धेत.

आखातातले सगळे संघ तिथे येतात. आम्ही गाड्या करून गेलो होतो. त्या वर्षी आमचा संघ पहिल्यांदाच उपांत्य सामन्यात पोचला. समोरच्या संघात एक उंच, लाल केसांची मुलगी होती. सगळे चेंडू तिच्याकडेच यायचे. उत्तरार्धात असाच एक चेंडू आला. मी मुठीने ठोसायला उडी मारली, तीही उडाली. चेंडू मी बाहेर घालवला, पण खाली येताना तिचं डोकं गोलाच्या खांबावर आपटलं. तो आवाज मला अजून सांगता येत नाही.

ती उठली, दोन पावलं चालली आणि ओकली. तिचा कोच पाण्याची बाटली घेऊन धावत आला. त्याने तिचं तोंड पुसलं, गालावर चापट्या मारल्या आणि म्हणाला, "काही नाही, ठणठणीत आहे ती." तिने मान डोलावली. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "आपण कुठल्या बाजूला मारतोय?"

मी रेफरीला हाक मारली. तो म्हणाला, तिचा कोच जबाबदार आहे. मी आमच्या कोचकडे धावले. हा माणूस एका तेल कंपनीत इंजिनिअर होता, बोलायला गोड. मी म्हटलं, "तिला बाहेर काढायला सांगा. तिला शुद्ध नाहीये."

तो माझ्या कानाशी वाकला. "मग चांगलंच आहे की आपल्याला. तिला दोन-दोन चेंडू दिसतायत. जा, गोलात उभी राहा."

आणि तो हसला. मला त्या माणसाची किळस आली. तेवढी खड्ड्यातल्या पाण्याचीही कधी आली नव्हती.

पुढचा चेंडू तिच्याकडेच आला. तिने मारला तो भलतीकडेच बाहेर गेला. आता खेळ सुरू करायची किक माझी होती. मी चेंडू उचलला, पोटाशी धरला आणि तशीच उभी राहिले.

"यल्ला, मार की!" आमची कॅप्टन ओरडली.

मी म्हटलं, "ती बाहेर गेली की मारते."

रेफरीने शिटी वाजवली, पिवळं कार्ड दाखवलं. मी हलले नाही. प्रेक्षकांतून शिव्या यायला लागल्या, दोन्ही बाजूंच्या. मी चेंडू धरून उभीच. मग त्याने लाल कार्ड काढलं. मी त्याच्यापाशी गेले, चेंडू त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "मला काढलंत, ठीक. आता फक्त तिच्या डोळ्यांत बघा."

त्याने बघितलं. तिला विचारलं, गुण किती झालेत. ती ओठ हलवत राहिली. मग त्याने तिलाही बाहेर पाठवलं. तिचा कोच माझ्या अंगावर धावून आला. काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आम्ही दोघी एका तंबूत बसलो, थंड पाण्याच्या खोक्यांवर. ती माझ्या खांद्याला टेकली होती. "आपण जिंकतोय का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "हो." जरा वेळाने पुन्हा विचारलं, "आपण जिंकतोय का?" पुन्हा हो म्हटलं. मग ती माझ्या मांडीवर ओकली. मी टॉवेलने तिचं तोंड पुसलं, माझे पाय पुसले. खरं सांगते, त्या संपूर्ण दिवसात मला ज्याची किळस आली नाही अशी ती एकच गोष्ट. ॲम्ब्युलन्समध्ये चढवतानाही ती तेच विचारत होती. योगायोगाने तोवर तिचा संघ खरंच जिंकत होता. माझ्या जागी आमची एक बचावपटू उभी होती आणि तिला उंच चेंडू झेपत नव्हते.

परतीच्या वाटेवर ओमानमधल्या सोहारजवळ पेट्रोलला थांबलो, तेव्हा बाकीच्या चहा घ्यायला उतरल्या. कॅप्टन मागे राहिली. "तू आमच्याकडून खेळत होतीस की त्यांच्याकडून?" तिने विचारलं.

"तुला पोरगी दिसत नव्हती का?"

"दिसत होती," ती म्हणाली. "पण उपांत्य सामना होता गं."

मला तिचाही वीट आला. माझे हात उलटसुलट करून पाहणारी हीच ती बाई, हे मला खरं वाटेना.

महिनाभराने शाळेत असताना एक मेसेज आला. त्या लाल केसांच्या मुलीने माझा नंबर कुणाकडून तरी मिळवला होता. ती अजून घरीच होती, उजेड सहन होत नव्हता. लिहिलं होतं: "तू मला फायनलला मुकवलंस. माझ्या आयुष्याचा निर्णय घेणारी तू कोण?" वाचून तोंड कडू झालं. मी दोनदा वाचलं. मग लक्षात आलं की वाक्यं धड आहेत, क्रम धड आहे, राग धड आहे. उत्तर दिलं नाही. पुढच्या तासाला मैदानावर मुलांना पळायला लावलं आणि कितीतरी वेळ शिटी वाजवायचीच विसरले.

पुढच्या हंगामाआधी कोचचा फोन आला. नवीन गोलकीपर मिळाली नव्हती. मिळणार कुठून? त्या खड्ड्यात कोण लोळणार? तो पूर्वीसारखाच गोड बोलत होता, जणू काही झालंच नव्हतं. नवरा समोर जेवत होता. त्याने मानेनेच 'नाही' म्हणून खुणावलं.

मी म्हटलं, "एका अटीवर. डोक्याला लागलं, मग ती कुठल्याही संघाची असो, मी हात वर केला की ती बाहेर. वाद नाही."

"इन्शाल्ला," तो म्हणाला.

"इन्शाल्ला नको. हो म्हण."

मग तो हो म्हणाला. नवऱ्याने ताट उचललं आणि आत गेला. त्याचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. अशा माणसासाठी कशाला खेळायचं? पण गोल त्या माणसाचा नव्हता.

मी आणखी दोन हंगाम खेळले. कोचशी कामापुरतं बोलायचे, त्याने दिलेलं पाणी घ्यायचे नाही. हात एकदाच वर करावा लागला. अबू धाबीच्या एका संघाशी सामना होता, आणि डोक्याला कोपर लागून खाली पडली ती आमची कॅप्टनच. उठून उभी राहिली तेव्हा डोळे भिरभिरत होते. मी हात वर केला. ती मला आयरिश भाषेत काहीतरी बोलली. ती भाषा मला येत नाही, पण शिवी कळायला भाषा लागत नाही. कोच बाजूच्या रेषेवर उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि दुसऱ्या मुलीला आत पाठवलं.

कॅप्टन डोक्यावर बर्फ धरून रेषेबाहेर बसली, माझ्याकडे पाठ करून. तो सामनाही आम्ही हरलो.