घरमालकांचं जीवदान

कृष्णा नदीत आज जे काही बिघडलं आहे, त्याला जगात एकच माणूस जबाबदार आहे आणि तो म्हणजे विश्रामबागेतला माझा घरमालक, असं खुद्द घरमालकांचंच ठाम मत होतं. हळदीचे व्यापारी, पक्के जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. नातवानं हौसेनं काचेच्या पेटीत, काचेवरचं शेवाळ चाटून साफ करणारे दोन सकर मासे पाळले आणि हौस फिटल्यावर तो पुण्याला शिकायला गेला. मासे पेटीत मावेनात. घरमालकांनी ते घाटावरून नदीत सोडले, हात जोडले आणि 'सुखी राहा' असा आशीर्वाद दिला. आशीर्वाद भलताच लागू पडला.

काही वर्षांत नदी त्या काळ्या, काटेरी सकरांनी भरली. घाटावरचा मासेमार एकदा म्हणाला, "काका, मरळ दिसंना झालीया. जाळ्यात निस्ता ह्योच. जाळं फाडतोय, आन खायला कोन घेत न्हाई." घरमालकांचं जेवण सुटलं. अहो, शेकडो लोकांनी सोडले असतील, मी समजावलं. "आसतील. पन माजे दोन हुतेच की त्यात," ते म्हणाले. पापातला आपला वाटा सोडायला तयार नसलेला व्यापारी मी प्रथमच पाहिला.

मासेमार सकर काठावर फेकून मरू देत. ते घरमालकांना बघवेना आणि परत नदीत टाकवेना. मग रोज सकाळी बादली घेऊन हे गृहस्थ घाटावर जायचे आणि जिवंत सकर घरी आणायचे. अंगणात हौद बांधला. मला पाणी दोन तास, माशांना चोवीस तास. त्यांच्यासाठी दुधीची सालं माझ्याही स्वयंपाकघरातून वसूल व्हायची.

पुराचं पाणी फाटकाशी आलं तेव्हा सगळी गल्ली फ्रिज, टीव्ही वर चढवत होती. घरमालक मासे चढवत होते, थेट वरच्या मजल्यावरच्या माझ्या न्हाणीघरात. मी कुरकुरलो. "आवं, तुमी चार दिवस आंगोळ न्हाई केली तर काय बिघडतंय? ह्ये नदीत गेले तर लय बिघडंल!" मी आठवडाभर पारोसा राहिलो, पण एकही सकर निसटला नाही.

गेल्या हिवाळ्यात घरमालक गेले. नातू आला होता. एका सकाळी तो हौदाशी बादली भरताना दिसला. "आजोबांच्या नावानं नदीत सोडतो, तेवढंच जीवदान," तो डोळे पुसत म्हणाला. मी अक्षरशः धावत जाऊन बादली हिसकावली.

आता हौद मीच सांभाळतो. सालं टाकताना अजून मागे वळून बघतो. पाणी का बदललं नाही, म्हणून ओरडायला तिथं कुणी नसतं, आणि मला फार वाईट वाटतं.