तळं तर दिसतंय, बाकीचं काय?

आमच्या शाळेत शिक्षक मोजकेच, पण स्टाफरूममधले किस्से कपाटात मावायचे नाहीत. ते कुणी ठरवून जमवत नाही. डब्याच्या सुट्टीत एकजण घर बघून आल्याचं सांगतो, दुसरा "हे तर काहीच नाही" म्हणून पुढे सरकतो, आणि घंटा होईपर्यंत एका चपातीबरोबर दोन किस्से पोटात गेलेले असतात.

सुरतेत मराठी शाळेत शिकवणारी आम्ही माणसं. मी लातूरची. उधन्याला जुन्या कॉलनीत माझं दोन खोल्यांचं घर आहे, त्यामुळे घर या विषयात मला अनुभवी समजतात आणि कुणीही घर बघायला निघालं की सोबत नेतात. वानखेडे मॅडम अकोल्याच्या. आणि गायकवाड सर नांदेडकडचे. गणित शिकवतात, भेस्तानला भाड्यानं राहतात आणि कुणावरही विश्वास ठेवत नाहीत.

शहर आता वाढतंय ते तळ्यांभोवती. परवापर्यंत जिथं म्हशी डुंबायच्या, तिथं आता फिरायचा ट्रॅक, बाकडी, रंगीत दिवे, आणि चारी बाजूंनी बिल्डिंगा. प्रत्येकीच्या नावात 'लेक' पाहिजेच. आम्ही अशी इतकी तळी पाहिली की आता मला साधी पाण्याची टाकी दिसली तरी भाव विचारावासा वाटतो!

*

गायकवाड सरही तळ्याकाठी घर बघायला निघाले, तेव्हा त्यांचा पहिलाच प्रश्न ऐकून दलाल जिग्नेशभाई गार पडला होता.

"एवढं चांगलं घर आहे, तर विकतायत कशाला?"

"साहेब, बिल्डर छे," जिग्नेशभाई म्हणाला. "बांधून विकणार नाय तर काय करणार?"

"तेच तर म्हणतो मी! स्वतः का राहत नाही?"

जिग्नेशभाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं.

*

त्याच बिल्डिंगीतली, 'लेक व्ह्यू'मधली, ही गोष्ट. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं अगदी समोर दिसत होतं. मध्ये फक्त एक रिकामा प्लॉट.

"हा प्लॉट कुणाचा?" सर म्हणाले.

"गार्डन आवशे, साहेब. गार्डन! लहान मुलं खेळणार."

"लिहून द्या."

"साहेब, जबान पर भरोसा नथी?"

"तुमच्या जबानीवर आहे हो. त्या प्लॉटवर नाही."

सरांनी ते घर सोडलं तेव्हा आम्ही सगळे त्यांना हसलो. काही महिन्यांनी तिथून जाताना बघते तर त्या प्लॉटवर मोठा बोर्ड: 'लेक टच'! मागे 'लेक व्ह्यू' बिचारी उभी, आणि तिच्या सगळ्या स्वयंपाकघरांतून आता 'लेक टच'च्या न्हाणीघरांच्या खिडक्या दिसणार.

जिग्नेशभाई तिथंच एका नव्या गिऱ्हाइकाला घेऊन उभा होता. मी विचारलं, "काय हो, तळं कुठं गेलं?"

जराही न डगमगता म्हणाला, "टेरेसवरून एकदम क्लियर दिसतो, बेन!"

*

वानखेडे मॅडमनी घर बघायची आपली पद्धत काढली. दिवेलागणीला तळ्याकाठच्या बाकड्यावर जाऊन बसायचं, दोन्ही हात उघडे ठेवायचे, आणि डास किती चावतात ते बघायचं. एका तळ्यावर त्यांना इतके डास चावले की दुसऱ्या दिवशी मुलांना वाटलं बाईंना कांजिण्या आल्या.

पण पुढच्या तळ्यावर चमत्कार झाला. अर्धा तास बसल्या, एक डास नाही! मॅडम दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत नाचतच स्टाफरूममध्ये आल्या.

"एकबी नाई चावला जी! माझं तर ठरलं."

गायकवाड सरांनी घास खाली ठेवला. "तळ्याकाठी डास नाहीत? मॅडम, त्या पाण्यात नेमकं काय सोडलंय?"

"काहून जी? डास नाई तं चांगलंच आहे ना!"

"बगा मॅडम, जिथं डाससुद्धा राहायला तयार नाहीत, तिथं तुम्ही लेकरंबाळं घेऊन राहणार?"

वानखेडे मॅडमनी ते घर घेतलं नाही. आजही त्या भागाचं नाव निघालं की त्या डासांसाठी हळहळतात.

*

सुरतेत घर घेताना एक प्रश्न सगळेच विचारतात: तापीला पूर आला तेव्हा पाणी कुठवर आलं होतं? सर हा प्रश्न बिल्डरला विचारत नसत. बिल्डर काय, तापी कधी पाहिलीच नाही म्हणेल! सर विचारत पानवाल्याला, दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला.

एका रस्त्यावर आम्ही चौकशी करत होतो. अलीकडचा इस्त्रीवाला म्हणाला, "इधर? इधर तो एक बूंद नहीं. सामने वालों का बुरा हाल था."

सर रस्ता ओलांडून पलीकडे गेले. तिथला पानवाला चुना लावता लावता म्हणाला, "अमारे त्यां तो कंई नई. सामे, सामे! सामेवाळा बोटीमां हता."

सर परत अलीकडे आले. इस्त्रीवाला शपथ घ्यायला लागला. सर पुन्हा पलीकडे. पानवाल्यानं आपल्या आजोबांची शपथ घेतली.

शेवटी सर रस्त्याच्या मधोमध थांबले, दोन्ही हात कमरेवर. मागून रिक्षा हॉर्न वाजवताहेत, आणि सर मला ओरडून सांगताहेत, "मॅडम, हिशेब लागला! पूर फक्त डिव्हायडरवर आला होता!"

*

हा माझा स्वतःचा अनुभव. बहिणीसाठी एक फ्लॅट बघायला गेले होते. सोसायटीच्या प्रमुखांनी ऑफिसात बसवलं, पाणी दिलं, आणि आडून आडून विचारायला लागले.

"तमे महाराष्ट्रियन. सरस, सरस. मच्छी-बच्छी?"

"नाही."

"ईंडां?"

आता अंडं मी खाते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हटलं, आधी नियम तर कळू दे. "चालत नाही का इथं?"

प्रमुखांनी दोन्ही कानांना हात लावले. "बेन, ईंडांनुं नाम पण नई! गेटनी अंदर वास आवे तो पण मीटिंग बोलावीए."

मी मान डोलावून निघाले. येताना भूक लागली म्हणून तळ्याच्या पलीकडे आमलेटच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, थांबले. सुरतेत राहून लारीवरचं अंडं सोडायचं म्हणजे पाप! ऑर्डर दिली आणि बाजूला पाहिलं तर प्रमुख उभे. हातात प्लेट, तोंडात घास. सोबत मघाशी ऑफिसात बसलेले कमिटीतले दोघं, तेही तल्लीन.

मला पाहून प्रमुखांनी घास गिळला, प्लेट जरा वर धरली आणि गंभीरपणे म्हणाले, "पनीर छे, बेन."

पिवळा बलक असलेलं पनीर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

*

सरांच्या बायकोची, ललिता वहिनींची, पारख वेगळी. त्या घरी ब्लाउज शिवतात, त्यामुळे त्यांची नजर आधी कपड्यांवर जाते. त्यांचं म्हणणं साधं: "ज्या बिल्डिंगीत लोक पांढरे कपडे बाहेर वाळत घालतात, तिथली हवा चांगली. मिलची काजळी येत असेल तर बाई पांढरं कापड गॅलरीत टाकणारच नाही."

मला हे इतकं पटलं की मी जिग्नेशभाईसमोर बोलून गेले. चूक झाली!

पुढच्या रविवारी त्यानं आम्हाला एक बिल्डिंग दाखवली. प्रत्येक गॅलरीत पांढरीशुभ्र चादर. ओळीनं, खालपासून वरपर्यंत.

"जुओ, भाभी!" जिग्नेशभाई छाती काढून म्हणाला. "एकदम स्वच्छ हवा!"

वहिनींनी मान वर करून सगळे मजले पाहिले. मग पहिल्या मजल्याच्या चादरीचं टोक नुसतं दोन बोटांत धरलं. कोपऱ्यात एका मंडप डेकोरेटर्सचा शिक्का होता.

"भाऊ," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "इथं अजून राहायला कुणी आलंय का?"

"बस, दिवाळी पछी सगळे येणार!"

*

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा, आणि सरांचा प्रत्येक घरमालक काहीतरी कारण काढायचा. कधी भाडं वाढव, कधी पोराचं लग्न आहे, खोली रिकामी कर. वहिनी पांडेसऱ्याहून बमरोलीला, बमरोलीहून भेस्तानला शिलाई मशीन घेऊन फिरत होत्या. प्रत्येक ठिकाणी बायका ओळखीच्या व्हायला, माप द्यायला यायला वेळ लागतो. जरा जम बसला की टेम्पो दारात!

"मॅडम, गिऱ्हाइकं काही टेम्पोत घालून नेता येत नाहीत," त्या एकदा मला म्हणाल्या.

मधे एक घर त्यांना फार आवडलं होतं. कोपऱ्यातली खोली, खिडकीशी मशीन ठेवायला बरोबर जागा, दुपारभर उजेड. बिल्डिंगीत राहणाऱ्या बायकांशी बोलून आल्या, पाण्याची चव घेऊन आल्या. चेहरा इतका उजळला होता! सरांनी तो चेहरा पाहिला आणि म्हणाले, "तुला इतकं आवडलं? म्हणजे जिग्नेशभाईनं तुला नक्की काहीतरी पढवलंय."

घर गेलं. वहिनी माझ्या घरी आल्या, ओट्यापाशी उभ्या राहून पाणी प्यायल्या आणि रडल्या. त्या दिवशी मला सरांचा मनापासून राग आला. संशयाला काही मर्यादा असते की नाही? मी तसं त्यांना तोंडावर म्हटलं. तर म्हणतात कसे, "मॅडम, हे तुम्हाला तिनं बोलायला सांगितलंय का?"

*

आता शेवटचा.

घरमालकानं पुन्हा खोली मागितली. सर, वहिनी आणि मी पुन्हा एका तळ्यावर. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. माणसं राहायला आलेली, कुंड्या, सायकली, दारात रांगोळ्या. मला बरा वाटला. पण वहिनींनी आत पाऊल टाकल्यापासून नाक मुरडायला सुरुवात केली.

"ही काय खिडकी! नुसतं ऊन येणार. आणि बायका किती आहेत बिल्डिंगीत, दिवसभर कटकट. मला नाही बाई आवडलं. चला."

सर जायचे थांबले. "कामून? काय वाईट आहे?"

"नको म्हटलं ना!"

त्या खाली जाऊन गेटपाशी उभ्या राहिल्या. आम्ही मागून उतरलो. तळ्याकाठी बाकड्यावर एक म्हातारे काका बसले होते, पांढरी टोपी, गुडघ्यावर रुमाल. सरांनी सवयीनं विचारलं, "काका, ही बिल्डिंग कशी आहे?"

"नका घेऊ भाऊ," काका म्हणाले. "पाणी खारट आहे. लिफ्ट बंदच असते. शेजारी भांडकुदळ. मी सांगतो, नका पडू यात."

सरांचे डोळे बारीक झाले. "तुम्ही कुठं राहता?"

"इथंच, दुसऱ्या मजल्यावर."

"मग सोडत का नाही?"

काकांनी रुमाल झटकला. "माझं काय. म्हातारा माणूस. पण तुम्ही नका घेऊ."

सर मला बाजूला घेऊन गेले. इतके खूश मी त्यांना निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. "मॅडम, आलं का लक्षात? इतक्या वर्षांत पहिला माणूस भेटला, जो 'घेऊ नका' म्हणतो. एवढं वाईट आहे, तर स्वतः का राहतो? म्हाताऱ्याला वरचा फ्लॅट त्याच्या लेकीसाठी पाहिजे!"

वहिनी गेटवरून ओरडल्या, "अहो, चला ना! नको ते घर!"

सरांनी तिथल्या तिथं टोकन दिलं. वहिनी रिक्षात परतताना सगळा वेळ बाहेर बघत होत्या. मला त्यांची फार काळजी वाटली.

वास्तुशांतीला आम्ही सगळा स्टाफ गेलो. लिफ्टनंच वर गेलो, चालू होती. पाणी प्यायलो, गोड होतं. खिडकीशी मशीन मांडलेलं, आणि शेजारच्या दोन बायका त्या गर्दीतही माप द्यायला बसलेल्या. सर प्रत्येकाला हाताला धरून घर दाखवत होते आणि तोच किस्सा सांगत होते. मग खाली जाऊन स्वतः काकांना घेऊन आले आणि खुर्चीवर बसवलं.

"हेच ते काका! मला घेऊ देत नव्हते! काय काका, आता राग नाही ना?"

काका हसले. "नाही भाऊ. नशीब तुमचं."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या. नवी साडी, केसात गजरा. सगळ्यांना कप दिले. मग आत जाऊन एक वेगळा कप घेऊन आल्या आणि तो काकांच्या हातात दिला.

"घ्या काका. बिनसाखरेचा आहे, आलं जरा जास्त घातलंय."

सरांचा कप ओठापाशीच थांबला. "तुला कसं माहीत, ह्यांना साखर चालत नाही ते?"

काका खिडकीतून तळं बघायला लागले. वानखेडे मॅडमनी मला कोपरानं ढोसलं. वहिनींनी पदर खोचला.

"तुम्ही प्या आधी," त्या म्हणाल्या. "गार होतोय."