कमल उलटी चालते

सुनंदाने, माझ्या लेकीने, जुन्या बाजारातून भाग आणून कॉम्प्युटर जोडला. पेटी चपलांच्या खोक्याएवढी. म्हणाली, "स्वस्तात झाला, बाबा. माझे गेमही चालतील आणि आईचा व्हिडिओही नीट करता येईल." पुढच्या आठवड्यात कमलचं वर्षश्राद्ध. जेवायला येणाऱ्यांना तिचा पापड लाटतानाचा व्हिडिओ दाखवायचा होता.

पेटीतले पंखे घुमायला लागले आणि पडद्यावर कमल आली. सुनंदाने व्हिडिओ मागे नेला, तशी बाई उलटी चालायला लागली. लाटलेला पापड आक्रसून पुन्हा लाटी झाला. ती उलट्या पावलांनीच दाराबाहेर गेली. हडळीचे पाय उलटे असतात, असं लहानपणी ऐकलं होतं. असल्याला मी भीत नाही. पण चाळीस वर्षं जिच्याशेजारी झोपलो, तिच्या पायांकडे मला बघवेना. मेलेलं माणूस पुढे जातं म्हणतात. या पेटीत ते मागेही जातं, आणि बोलावलं की परत येतं.

"मधला खोकला काढते," सुनंदा म्हणाली.

"राहू दे."

"लोक जेवत असतील, बाबा. आणि झोपमोड होते म्हणून तुम्हीच तिच्यावर खेकसायचात की."

"खेकसायचो. पण खोकला काढलास तर ती दुसरीच कुणी बाई होईल."

तिने खोकला ठेवला आणि पुन्हा लावलं. कमल खोकली. मी सवयीने तांब्या घेऊन उठलो.

"अडकलं वाटतं," सुनंदा म्हणाली. तिने कशाला बोटही लावलं नव्हतं. पडद्यावर कमल थांबली होती, माझ्याकडे हात पुढे करून.