मडक्याबाहेरचा लाल चिंचोका

जंगलाले लागून, मोहर्लीकडच्या आमच्या गावच्या शाळेत मी खिचडी रांधते. ठमाबाई माझं नाव. तोंड माझं लय वाईट, सारं गाव जानते. शाळेची घंटाही मीच वाजवते, आन त्या घंटेचंच सांगाचं हाये मले.

गनिताचे नदीम सर चंद्रपूरचे. फळ्यावर आकडे कमी, हातात वस्तू जास्त. कधी फासे, कधी रंगीत पुठ्ठ्याची चकरी. मी म्हनो, "सर, शाळा हाये का मंडईतला जुगार?" सर हासत. "ठमाबाई, शक्यता डोळ्यांनी दिसली की डोक्यात बसते."

मोहाची फुलं पडाचे दिवस होते. त्याच हप्त्यात वाघानं जंगलात गावातल्या बिरजूले मारलं, म्हनून बाया मोह वेचाले जाऊन नाई राह्यल्या होत्या. पोरं भेदरलेली. सरांनी मडक्यात वीस चिंचोके टाकले, एकाले लाल रंग लावला. "हे जंगल. एक चिंचोका म्हणजे एक सकाळ. लाल निघाला तर वाघ." आठवीतल्या रंजीतानं हात घातला. पहिले दोन काळे, तिसरा लाल. तिनं तो टेबलावर ठेवला.

"आता नीट ऐका," सर म्हनाले, "हा लाल..."

"सर, खिचडी गोटा होऊन राह्यली!" मी ओरडली आन घंटा ठोकली. पोरं ताटं घेऊन पळाली. सर म्हनाले, "बरं, उरलेलं उद्या."

रंजीताची आई सोमारी माझी शेजारीन. सांजच्याले अंगनात लेकीले इचारत होती, "जाऊ का व उद्या? सारा मोह झाडाखाली सडून राह्यला."

"जाय ना आई. लाल तं निंगून गेला. आता मडक्यात सारे काळेच."

मलेही पटलं व! कुडावरून मीच म्हनलं, "पोरगी शिकलेली हाये, जाय."

दुसऱ्या दिवशी मोहाखाली सोमारीची टोपलीच तेवढी भेटली. अर्धी भरली होती.

तवापासून ते मडकं माझ्या कानात खुळखुळते. चुलीपाशी, न्हानीत, कुठीबी. सरांनी तं मडकं कपाटात कोंडलं. वर्गात नुसते खिडकीतून जंगलाकडे पाहत बसत.

पंधरा दिवसांनी रंजीता शाळेत आली. कोनाले न इचारता तिनं कपाटातून मडकं काढलं. लाल चिंचोका सरांनी टेबलाच्या खनात टाकला होता, तो तसाच होता. तो मडक्यात टाकला, मडकं हालवलं आन सरांपुढं ठेवलं.

"सर, उरलेलं सांगा."

सरांनी मडक्यावर हात ठेवला. "काढलेला... परत आत टाकायचा असतो, बाळा. लाल असला तरी. वाघ काल आला म्हणून जंगलातला संपत नाही."

रंजीता एकेक चिंचोका काढे, पाहे आन परत टाके. पुन्हा काढे, पुन्हा टाके. मी पळी धरून दारातच उभी होती. खिचडी पार थंडी झाली. मी घंटा नाई वाजवली.