आधीच लिहिलेलं ‘किरकोळ’

आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर सकाळच्या चहाबरोबर दिवसभराची दुखणी लिहून टाकायच्या. तांबी बसवायला येणाऱ्या बायकांचे कागद मी काढून द्यायची, आणि सिस्टर प्रत्येकावर ‘त्रास’ या रकान्यात ‘किरकोळ’ लिहायच्या. बाई अजून घरातून निघालेलीही नसायची, तिला किती दुखलं हे आमच्याकडे लिहून तयार. वेळ वाचतो म्हणायच्या. सव्वीस वर्षं वाचवला. मला चीड यायची, पण मी पडले कागद काढणारी.

तशा वाईट नव्हत्या. बाईचे गुडघे धरून ‘खोका बरं जोरात’ म्हणायच्या, आणि ती खोकली की डॉक्टर आत गर्भपिशवीच्या तोंडाला चिमटा लावायचे. किंचाळली तर म्हणायच्या, ‘बाळंतपण सोसलंत ना, मग हे काय?’ परदुःख शीतल, दुसरं काय! बधिर करायचं इंजेक्शन कपाटात असायचं. विचारायची पद्धत नव्हती.

मग एका मंगळवारी त्यांची सूनच तांबी बसवायला आली. ‘मुंगी चावल्यासारखं होईल,’ असं सासूनेच तिला घरी सांगितलं होतं. दिवा धरायला मी होते. तिने सिस्टरांचं मनगट असं आवळलं की नखं रुतली.

‘आई, थांबायला सांगा ना त्यांना.’

‘झालंच,’ डॉक्टर म्हणाले.

सिस्टरांनी गुडघे सोडले नाहीत. पोरगी घामाने भिजली आणि निपचित पडली. शुद्धीवर आल्यावर उशाशी तिचा कागद होता. सासूचं अक्षर तिला ओळखता येत होतं. तिने तो वाचला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी कागदांना हात लावला नाही. बाकावरच्या पहिल्या बाईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

‘दुखू शकतं. कुणाला कमी, कुणाला फार. आधी गोळी घ्या, बधिर करायचं इंजेक्शन घ्या, किंवा काहीच घेऊ नका. इंजेक्शनही टोचतं, तेही सांगते. तुम्ही ठरवा. मधेच थांबा म्हणालात तर थांबायचं.’

डॉक्टर बाहेर आले. ‘सिस्टर, दोन मिनिटांच्या कामाला हे चोचले कशाला?’

‘तुमच्या अंगठ्याला दोन टाके घातले, तेव्हा तुम्ही दोनदा इंजेक्शन मागितलंत. मीच दिलं.’

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टर लालेलाल झाले. ‘इतक्या वर्षांत एकीने तरी तक्रार केली का?’

‘कुठे करणार?’ सिस्टर म्हणाल्या. ‘तिच्या जागेवर मी आधीच लिहून ठेवत होते.’

पहिली बाई इंजेक्शन म्हणाली. सिस्टरांनी कपाट उघडलं.

सगळे आता त्यांचं कौतुक करतात. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात जाते. परक्या बायका ओरडल्या तेव्हा कान बंद, घरची ओरडली तेव्हा उघडले. आता ‘त्रास’चा रकाना ती ती बाई स्वतःच भरते, हे खरं. पण सून अजून त्यांच्याशी बोलत नाही. मला विचाराल तर बरोबर करते.