मेथीच्या मुळाशी क्रोमियम

सखाराम हिवराळे वाळूजच्या एका क्रोम प्लेटिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं टाकीवर उभे होते. टाकीतून उठणाऱ्या वाफेनं त्यांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं होतं. आगपेटीची काडी एका नाकपुडीत घालून ते दुसरीतून बाहेर काढत आणि गल्लीतली लेकरं हसत. त्यांची मुलगी रत्नमालाही हसायची. ते भोक क्रोमियमनं पाडलं, हे तिला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी कळलं.

डॉ. रत्नमाला हिवराळे आता सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. शहरातल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतात. अकरा वर्षं त्या एकाच कामामागं आहेत. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढे, दूषित पाण्यात सोडायचे. क्रोमियम त्यांना चिकटतं. मग बरणीला बाहेरून चुंबक लावलं की काळा गाळ एका बाजूला ओढला जातो आणि पिवळं पाणी नितळ होतं. जोडीला एक छोटा प्रयोग: दोन चुंबकांच्या मधे ठेवलेलं मेथीचं बी कधी कधी एक दिवस आधी रुजतं. ‘कधी कधी’ हे शब्द प्रबंधात आहेत.

तीन वर्षांपूर्वी एका कारखान्यानं ही पद्धत घेतली. शाल, नारळ, भिंतीवरच्या पाटीवर नाव. सांडपाणी खरंच साफ निघू लागलं. गाळ पिंपात बंद करून घातक कचऱ्याच्या गाडीनं पाठवायचा, असं रत्नमालांनी पानभर लिहून दिलं होतं. पुढं त्या पाणी तपासत राहिल्या. किती पिंपं गेली, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

मागच्या जानेवारीत त्या कारखान्यामागच्या गावात विहिरीचे नमुने घ्यायला गेल्या. पाण्याचा पिवळेपणा गेला म्हणून खूश झालेल्या चतुराबाईंनी त्यांना जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा.

“घ्या की अजून. लाजता काय?”

“मेथी छान आलीय. खत कोणतं टाकलं?”

“तुमचंच हाय की. तो कंपनीचा सुदर्शन म्हणला, मॅडमनंच शोधलंय. साऱ्या गावाला फुकट वाटलं.”

चतुराबाईंनी रिकामी गोणी आणून दाखवली. ‘चुंबकशक्तीयुक्त लोहखत’. खाली बारीक अक्षरात: ‘हे कण निरुपद्रवी आहेत.’ वाक्य रत्नमालांचं होतं, प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातलं. ते कोऱ्या कणांबद्दल होतं, अजून काही न चिकटलेल्या. गोणीच्या तळाशी मात्र पाणी साफ करून उरलेला तोच काळा गाळ होता.

घास तोंडात होता. वाढणाऱ्या बाईसमोर थुंकणं जमलं नाही, म्हणून त्यांनी तो गिळला. निघताना ती रिकामी गोणी मागून घेतली.

सुदर्शन कारखान्याचा पर्यावरण अधिकारी. रत्नमाला त्याच्याकडे गेल्या तेव्हा त्यानं आधी चहा मागवला.

“मॅडम, तुमचंच वाक्य आहे. एक अक्षर बदललेलं नाही.”

“ते कोऱ्या कणांबद्दल आहे, सुदर्शन. तुला माहिती आहे.”

“कोरे काय अन् भरलेले काय, शेतकऱ्याला काळंच दिसतं. आणि कण शोधायला चुंबक घेऊन शेतात फिरू नका हं. आपली काळी माती तशीही चिकटते चुंबकाला.”

हे मात्र खरं होतं. म्हणून रत्नमालांनी चुंबक बाजूला ठेवलं. गोणीच्या तळाचा गाळ, चतुराबाईंच्या वाफ्यातली माती आणि गोणी न घेतलेल्या शेजारच्या कडुबाच्या शेतातली माती असे तीन नमुने, सोबत वाफ्यातली मेथी, क्रोमियम मोजणाऱ्या यंत्रावर गेले. कडुबाची माती ठीक होती. वाफ्यात क्रोमियम तिच्या चौदा पट होतं, गोणीत त्याहून कितीतरी जास्त. मेथीच्या पानांत थोडं, मुळांत भरपूर. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार दिली, पोच मिळाली. पण मेथी वाफ्यात उभी होती आणि चतुराबाईंची सून रोज जुड्या बांधत होती.

रत्नमालांनी चतुराबाईंच्या ओट्यावर बसून सगळं सांगितलं, स्वतःच्या वाक्यासकट. चतुराबाईंनी सुनेच्या हातातली जुडी काढून घेतली.

“म्हंजे आधी पीत होतो, आता खायला घातलं.”

“हो.”

“गुरांना टाकू?”

“नको.”

“जाळू?”

“नको.”

“मग पदरात बांधून ठेवू का? लई बुकं शिकल्या तुम्ही, तुम्हीच सांगा.”

दोघींनी आणि सुनेनं मिळून मेथी मुळासकट उपटली, वरची वीतभर माती काढली. पाच पिंपं भरली. टेम्पो करून रत्नमालांनी ती महाविद्यालयात आणली आणि प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात ठेवली. महाविद्यालयाच्या तपासणीला समिती येणार आहे, व्हरांडा मोकळा करा, असं विभागप्रमुखांचं पत्र आलं. ते त्यांनी पहिल्या पिंपावर चिकटवलं आहे.

पिंपं हलवायला त्यांची ना नाही. पण घातक कचऱ्याची गाडी ज्याचा कचरा त्याच्याच नोंदीवर माल उचलते. नोंद कारखान्याची आहे, आणि कारखान्याच्या कागदावर हा कचरा नाही. खत आहे.